कुईकुई (कुत्र्याची)

कुत्रं तोंड मिटून, नाकातून जो बारीक ताणलेला आवाज काढतं ती कुईकुई. केकाटणं वेगळं, ते मार लागला की एकदम येतं, आणि रात्री मान वर करून हेल काढतं ते रडणं वेगळं, ज्याला लोक अपशकुन मानतात. बोलताना मात्र तिन्हीला 'कुत्रं रडतंय' म्हणून मोकळं होतात आणि घोळ तिथंच होतो, कारण कुईकुईला बहुतेक वेळा कारण असतं, ते फक्त आपल्याला दिसत नसतं.

मूळ: पिल्लू जन्मतं तेव्हा डोळे-कान बंद, पहिले दोन-तीन आठवडे अंगाची ऊब स्वतः टिकवता येत नाही, आईपासून हातभर सरकलं तरी गार पडतं आणि कुईकुई करतं, इथपर्यंत कुणाचा वाद नाही. वाद आहे तो मोठेपणी हा आवाज का राहतो यावर. जुनं आणि अजून पुष्कळ ठिकाणी चालणारं मत असं की माणसाळताना लांडग्याचं पिल्लूपण कुत्र्यात तसंच राहून गेलं. त्याला आधार म्हणून जनुकशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ च्या सुमारास रशियातल्या नोवोसिबिर्स्कला सुरू केलेला कोल्ह्यांचा प्रयोग सांगतात, तिथं माणसाला न घाबरणारे तेवढेच कोल्हे निवडून त्यांची वीण वाढवली आणि थोड्याच पिढ्यांत त्यातले काही माणूस दिसला की शेपटी हलवत कुईकुई करायला लागले. पण मोठे लांडगेसुद्धा आपसात कुईकुई करतात, म्हणजे नुसत्या पिल्लूपणावर सगळं ढकलता येत नाही. प्राणिशास्त्रज्ञ युजीन मॉर्टन यांनी १९७७ मध्ये पक्षी आणि सस्तन प्राण्यांबद्दल मांडलेलं जास्त पटतं: जाड खरखरीत आवाज धमकीचा, बारीक सुरेल आवाज भीतीचा किंवा सलगीचा. माणसाळण्याचा काळ मात्र जपूनच सांगावा लागतो. जर्मनीत ओबरकासेलला माणसासोबत पुरलेलं कुत्रं साधारण १४ हजार वर्षांपूर्वीचं धरतात, जनुकं बघणारे काहीजण आणखी बरेच मागं जातात. मेंदूचा अभ्यास करणारे याक पँकसेप आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये एकट्या ठेवलेल्या पिल्लांना अगदी थोडं मॉर्फीन, म्हणजे दुखणं मारणारं औषध, दिलं तर त्यांची कुईकुई कमी झाली, त्यावरून त्यांनी ताटातूट आणि दुखणं मेंदूत जवळजवळची असावीत असं मांडलं. म्हणून 'नाटकं करतंय' हा शब्द वापरायची घाई करू नये.

न दिसणारी कारणं: सोलापुरात पहिला संशय गोचिडांवर घ्यावा. तपकिरी गोचीड अंगावरून उतरून भिंतीच्या फटीत अंडी घालते आणि जुन्या दगडी, माळवदाच्या घरांत फटींना तोटा नाही, त्यामुळं कुत्रं धुतलं तरी घर तसंच राहतं. गोचीडतापात सांधे दुखतात, कुत्रं उठता-बसता कण्हतं, जेवण कमी करतं. नाक गरम लागलं म्हणून ताप ठरवू नये, थर्मामीटर लावावा. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. याशिवाय कान, दात, लघवीची जळजळ बघावी. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन अजिबात देऊ नये, जीव जाऊ शकतो.

खोटं गाभणपण बऱ्याच जणांना माहीतच नसतं. माज होऊन साधारण दोन महिने झाले की गाभण नसलेल्या कुत्रीलाही दूध उतरू शकतं. आमच्या गल्लीत एक राणी होती, कपाटाच्या मागं एक जुना मोजा दोन पायांत धरून बसायची, कुणी जवळ गेलं की त्याला चाटायची आणि कुईकुई करायची, घरचे आठवडाभर भाकरी पुढं करत राहिले, तिला भूक नव्हतीच. हे बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप शमतं. आचळं पिळून बघू नयेत, दूध आणखी वाढतं, आणि नसबंदीचं ऑपरेशन ते पूर्ण शमल्यावरच.

आवाजाची भीती: यंत्रमागाच्या खटखटीत वाढलेलं कुत्रं कारखान्याच्या दारात गाढ झोपतं, तेच जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू झालं की पलंगाखाली शिरून थरथरतं. सतत चालणाऱ्या आवाजाची सवय होते, अचानक होणाऱ्या आवाजाची होईलच असं नाही. अशा वेळी जवळ बसून हात फिरवला तर भीती वाढत नाही, बिनधास्त फिरवावा.

सवयीची कुईकुई: दुखणं नाही हे डॉक्टरांनी बघितल्यावरच इकडं यावं. चार वेळा दुर्लक्ष आणि पाचव्या वेळी आजीनं कडक भाकरीचा तुकडा टाकला तर सवय नेहमी देण्यापेक्षा जास्त घट्ट होते. घरातल्या सगळ्यांनी गप्प झाल्यावरच द्यायचं ठरवलं की आधी दोन-चार दिवस आवाज वाढतो, तिथंच बहुतेक घरं हार मानतात. एकटेपणानं कुईकुई करणाऱ्याला दुर्लक्ष लागू पडत नाही, त्याला दोन मिनिटं, पाच मिनिटं असं बाहेर जाऊन परत येत शिकवावं लागतं. मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो तेव्हा भर दुपारी पत्र्याखाली बांधलेलं कुत्रं या वर्गात मोडतच नाही, त्याला आधी सावलीत न्यावं आणि पाणी द्यावं.

म्हातारपण: दहा-बारा वर्षांपुढं काही कुत्री रात्री उठून भिंतीकडं बघत कण्हतात, दिवसा झोपतात, ओळखीच्या दाराशी चुकतात. रागावू नये, छोटा दिवा चालू ठेवावा, अंथरुणाची जागा बदलू नये.