१:२:४ म्हणजे एम-१५ नव्हे

मुंबईत ३० वर्षांपुढच्या इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावंच लागतं. अशा वेळी कपाटातून पन्नास-साठच्या दशकातला नकाशा निघतो. त्यावर ‘आरसीसी (सळ्या घातलेलं काँक्रीट) १:२:४’ असं लिहिलेलं दिसलं की कोणीतरी लगेच म्हणतं, ‘म्हणजे एम-१५!’, म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची एक ग्रेड. पुढचा सगळा दुरुस्तीचा हिशेब या समजुतीवर चालतो, आणि तिथेच धोका आहे.

१:२:४ हे नुसतं माप. सिमेंटची एक गोणी, सव्वा घनफुटी फर्म्याने (मापाच्या खोक्याने) दोन फर्मे रेती, चार फर्मे खडी. पाणी किती, ते या आकड्यांत कुठेच नाही. आणि काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी-सिमेंटच्या गुणोत्तरावर ठरते, हे अमेरिकी संशोधक डफ अब्रॅम्सने १९१८ सालीच दाखवून दिलं होतं. त्यात मुंबईचा पावसाळा. ओलसर रेती फुगते. फर्मा काठोकाठ भरला तरी आत रेती कमी पडते आणि न मोजलेलं पाणी मालात जातं. माल ओतायला सोपा जावा म्हणून वरून आणखी एक डबा पाणी पडतं. कागदावरचं प्रमाण मात्र तेच राहतं.

एम-१५ हा चाचणीचा निकाल. १५० मिमीचे क्यूब २८ दिवसांनी दाबून फोडायचे. १५ न्यूटन प्रति चौरस मिमीच्या खाली शंभरात पाचांहून जास्त निकाल जाता कामा नयेत.

दोन्हींची सांगड लागते ती आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातल्या नॉमिनल मिक्सच्या (ठरावीक प्रमाणाने मिसळायच्या काँक्रीटच्या) तक्त्यामुळे. तिथे एम-१५ साठी ५० किलोच्या गोणीमागे रेती-खडी मिळून ३३० किलो धरली आहे. १:२:४ साधारण तिथेच येतं. पण त्याच ओळीत पाण्याची मर्यादाही आहे, ३२ लिटर. ती सगळे विसरतात.

म्हणून जुन्या इमारतीत नकाशावरून ग्रेड धरू नये, कोअर (काँक्रीटमधून कापलेला दंडगोल नमुना) काढून तपासावी. माझ्या मते नुसत्या स्लॅबचे कोअर पुरत नाहीत. तळमजल्याच्या कॉलमचेही हवेत, आधी सळ्या कुठे आहेत ते शोधून. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायनही फवारून घ्यावं: रंग गुलाबी झाला नाही, तर तिथलं काँक्रीट कार्बोनेट झालंय (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याची अल्कता गेली आहे) आणि सळीचं गंजापासूनचं संरक्षण गेलंय. नवं काम करताना तर एम-१५ चा प्रश्नच नाही. आयएस ४५६:२००० नुसार आरसीसीला किमान एम-२०, आणि थेट समुद्री हवेच्या माऱ्यात एम-३० लागतं.