काट्यावर हरलेली लढत

सप्टेंबर १९९९. थायलंडमध्ये एक वीस वर्षांचा फिलिपिनो बॉक्सर वजनकाट्यावर चढला. फ्लायवेट गटाची मर्यादा ११२ पौंड, म्हणजे ५०.८० किलो. काट्याने ११३ दाखवले. जगज्जेतेपद तिथेच गेले, ठोसा मारायच्या आधी. दुसऱ्या दिवशी मेडगोएन सिंगसुरातने तिसऱ्या फेरीत पोटात मारलेल्या ठोशाने तो खाली बसला आणि दहा आकडे मोजून होईपर्यंत उठला नाही. हा मॅनी पॅकियाओ. पुढे आठ वजनगटांत जगज्जेता होणारा.

या पराभवाकडे बहुतेक जण जिद्दीच्या गोष्टीतला एक टप्पा म्हणून पाहतात. शरीरशास्त्राच्या नजरेने तो अगदी साधा हिशेब आहे. त्याच्या अंगातून अजून अर्धा किलो निघण्यासारखे काही उरलेच नव्हते, आणि जे आधी काढले होते ते चोवीस तासांत परत भरून आले नाही.

हलक्या गटांची शिडी फार दाट पायऱ्यांची आहे. १०५, १०८, ११२, ११५, ११८, १२२, १२६ पौंड : साडेसत्तेचाळीस ते सव्वासत्तावन्न किलोंमध्ये सात गट. वरच्या टोकाला १७५ पौंडांनंतर एकदम २०० येतात. खाली पायऱ्या इतक्या जवळ असल्या की प्रत्येकाला वाटते, आणखी दीड किलो उतरवला तर खालच्या गटात आपणच सर्वांत धिप्पाड ठरू. अडचण एवढीच की समोरचाही तेच करून आलेला असतो.

हिशेब मांडून पाहू. लढतीच्या महिनाभर आधी ५६ किलो भरणाऱ्या, आधीच सडपातळ असलेल्या बॉक्सरला ५०.८० वर यायचे आहे. ५.२ किलो उतरवायचे. त्यातले दोन किलो चरबीतून काढता येतात. एक किलो चरबीमागे साधारण ७,७०० किलोकॅलरी धरल्या, तर चार आठवडे रोज ५५० ची तूट ठेवावी लागते. प्रथिने शरीराच्या किलोमागे दोन ग्रॅमच्या आसपास ठेवली नाहीत तर चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि गेलेला स्नायू लढतीच्या आदल्या रात्री परत येत नाही.

उरले ३.२ किलो. शेवटच्या पाच-सहा दिवसांत पिष्टमय पदार्थ कमी केले की स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा उतरतो. एवढ्या शरीरात तो तीन-साडेतीनशे ग्रॅम असतो आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. अर्धा साठा रिकामा केला की सहा-सातशे ग्रॅम गेले. शेवटचे तीन दिवस चोथा जवळपास बंद : भाकरी, उसळ, पालेभाजी, सालासकट फळ काही नाही, फक्त थोडा पांढरा भात, अंडी, मासे. आतडे हलके झाले की आणखी चार-पाचशे ग्रॅम. याची किंमत सर्वांत कमी, तरी नवखे बॉक्सर नेमके हेच विसरतात. शेवटच्या दिवशी सॅलडवर राहतात आणि पाव किलो चोथा पोटात घेऊन काट्यावर चढतात.

आता दोन किलो उरले, आणि ते पाणीच असू शकते.

पाणी काढायची सुरुवात पाणी पिऊन होते. तीन दिवस किलोमागे शंभर मिलिलिटर, म्हणजे आपल्या बॉक्सरसाठी रोज साडेपाच लिटर, दिवसभरात विभागून. मग एकदम पाऊण लिटरवर उतरायचे. इतक्या पाण्याने व्हॅसोप्रेसिन हे पाणी राखणारे संप्रेरक खाली येते, मूत्रपिंडे सढळ होतात, आणि पिणे थांबवल्यावरही काही तास सढळच राहतात. हेच साडेपाच लिटर दोन-तीन तासांत ढोसले, तर रक्तातले सोडियम पातळ होऊन मेंदूला सूज येऊ शकते, फिट येऊ शकते. पद्धत आणि अपघात यांतला फरक इथे फक्त घड्याळाचा आहे.

बाकी घामातून. सुमारे चाळीस अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे, मग टॉवेलांत गुंडाळून पडून राहणे, आणि पुन्हा पाणी. घाम हवेत उडतो तेव्हा लिटरमागे सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. प्लास्टिकच्या सूटमध्ये किंवा गरम पाण्यात तो उडतच नाही. पाणी जाते, उष्णता मात्र आत राहते. रक्ताचे आकारमान घटलेले, त्वचेकडे रक्त ओढलेले, हृदय दर ठोक्याला कमी रक्त ढकलते आणि म्हणून जोरात धावते. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महिन्याभरात तीन कॉलेज कुस्तीपटू अशाच प्रयत्नात मेले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सॉना यांवर बंदी आली.

झोपेतही वजन जाते. श्वास, त्वचा आणि लघवी मिळून रात्रीत साधारण अर्धा किलो. मुरलेला प्रशिक्षक हा अर्धा किलो आधीच हिशेबात धरतो आणि संध्याकाळी बॉक्सरला टबातून लवकर बाहेर काढतो. सकाळी काटा किती दाखवेल यावर भरवसा ठेवून झोपणे सोपे नसते, हे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटच्या शंभर ग्रॅमनी अख्ख्या देशाला कळले. तिथे कुस्तीत दोन्ही दिवशी सकाळी वजन होते. व्यावसायिक बॉक्सरला एकदाच काटा गाठायचा असतो आणि नंतर चोवीस ते तीस तास मिळतात. ही सवलत वाटते, पण तिच्यामुळेच लोक जास्त उतरवायचे धाडस करतात.

हलक्या गटात हा जुगार जास्त महाग का पडतो, याचे एक कारण सहसा बोलले जात नाही. शरीर लहान असले म्हणून मेंदू त्या प्रमाणात लहान होत नाही. सुमारे १.३५ किलोचा मेंदू नव्वद किलोच्या शरीरात दीड टक्का असतो, पन्नास किलोच्या शरीरात २.७ टक्के. त्याला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतेच, आणि लहान शरीरात ते ज्या साठ्यातून येते तो साठाच आपण रिकामा केलेला असतो. पाणी घटल्यावर मेंदूचे आकारमान किंचित कमी होते, हे एमआरआयमध्ये मोजले गेले आहे. त्यामुळे मेंदू आणि कवटी यांमधल्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि ठोशाने फाटायला सोप्या होतात, असा बऱ्याच डॉक्टरांचा तर्क आहे. माणसांवर तो पुरता सिद्ध करणे अवघड आहे, कारण असा प्रयोग कोण करणार? पण १३ नोव्हेंबर १९८२ ला लास व्हेगासमध्ये चौदाव्या फेरीत कोसळलेला आणि चार दिवसांनी गेलेला कोरियाचा किम दुक-कू १३५ पौंडांवर उतरायला झगडला होता, हे विसरता येत नाही. त्यानंतर डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेने जगज्जेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या केल्या. पुढच्या वर्षांत वजनही लढतीच्या आदल्या दिवशी घेण्याची पद्धत रुळली.

काट्यावरून उतरल्यावर पहिला तास सर्वांत मोलाचा. दोन किलो गेले असतील तर तीन लिटर परत द्यायचे, कारण काही लघवीतून जाणारच. नुसते पाणी नको. रक्त पातळ होते, मूत्रपिंडे ते फेकून देतात आणि तहान खोटीच भागते. आपल्या सरकारी दवाखान्यात मिळणारी जलसंजीवनी इथे महागड्या बाटल्यांना सहज हरवते : लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सायट्रेट. आधी सहा-सातशे मिलिलिटर, मग दर वीस मिनिटांनी दोन-अडीचशे. सलाइन लावून घाई करता येत नाही. उत्तेजकविरोधी नियमांत बारा तासांत शंभर मिलिलिटरच्या वर शिरेतून द्रव घ्यायला, वैद्यकीय कारण नसेल तर, मनाई आहे.

मग जेवण. किलोमागे आठ ग्रॅम पिष्ट म्हणजे सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, सगळे भातातून घेतले तर दीड किलो शिजवलेला भात. हे सहा-सात वेळा विभागून, कमी तेलात. उपाशी माणूस तसे करत नाही. तो तळलेल्यावर तुटून पडतो, पोट जड होते आणि समोरचा नेमका तिथेच मारतो. रक्तातले पाणी काही तासांत सावरते. पेशींच्या आतले पाणी आणि स्नायूंतले ग्लायकोजेन मात्र चोवीस तासांत पूर्ण भरेलच असे नाही. सहाव्या-सातव्या फेरीत पाय गोठतात ते त्यामुळे.

जपानच्या नाओया इनोउएला तर त्याआधीच हा अनुभव आला. ६ एप्रिल २०१४ ला, अवघ्या सहाव्या व्यावसायिक लढतीत, १०८ पौंडांवर त्याने आद्रियान हेर्नांदेझला सहाव्या फेरीत थांबवले, पण मध्येच पायात गोळे आले होते. जिंकल्यामुळे ही खूण दुर्लक्षित करणे सोपे होते. त्याच्या गोटाने ती केली नाही. त्या गटात आणखी एकच लढत खेळून, ११२ ची पायरी गाळून, ३० डिसेंबरला तो ११५ वर उभा राहिला आणि ओमार नार्व्हाएझला दोन फेऱ्यांत चार वेळा खाली पाडले. शरीराला ३.१७ किलो परत मिळाले होते. हाडे मात्र तीच होती : त्या रात्री त्याचा उजवा हात दुखावला आणि जवळपास वर्ष गेले. १४७ पौंडांपर्यंत हातमोजे सहसा आठ औंसांचेच, म्हणजे २२७ ग्रॅमचे. ताकद वाढली तरी मुठीभोवतीची गादी वाढत नाही.

उलटा मार्ग जेमी मॅक्डोनेलचा. पाच फूट दहा इंचांचा हा इंग्रज ११८ वर तग धरून होता. मे २०१८ मध्ये टोकियोत काटा गाठल्यावर त्याचे वजन लढतीपर्यंत जवळपास बारा किलोंनी वाढले. समोर इनोउए होता. पहिली फेरी संपायच्या आधीच मॅक्डोनेल हरला. बारा किलो परत आले म्हणजे ताकद परत आली असे नव्हे. त्यातले बरेचसे अजून पोटात आणि आतड्यांतच असते.

आयबीएफ या दुसऱ्या बॉक्सिंग संघटनेने अनेक वर्षे लढतीच्या सकाळी पुन्हा वजन घेतले आणि मर्यादेच्या वर फक्त दहा पौंडांची मुभा दिली. हेतू उत्तम, पण ११२ वर दहा पौंड म्हणजे जवळपास नऊ टक्के आणि १७५ वर पावणेसहा. नियम जिथे कडक हवा तिथेच तो सैल होता. डब्ल्यूबीसीचा, महिनाभर आधी मर्यादेच्या वर फार तर दहा टक्के आणि आठवडाभर आधी पाच टक्के, हा निकष अधिक शहाणा वाटतो.

पॅकियाओने थायलंडनंतर ११५ आणि ११८ या दोन्ही पायऱ्या ओलांडल्या. २३ जून २००१ ला, दोन आठवड्यांच्या सूचनेवर, १२२ पौंडांवर लेहलो लेडवाबाला सहाव्या फेरीत थांबवून तो पुन्हा जगज्जेता झाला. ६ डिसेंबर २००८ ला त्याच्यासमोर ऑस्कर डी ला होया होता, मोठ्या गटांतून १४७ पर्यंत खाली आलेला. काट्यावर डी ला होया १४५, पॅकियाओ १४२. दुसऱ्या रात्री रिंगमध्ये जाण्याआधी पुन्हा वजने झाली : डी ला होया १४७, पॅकियाओ १४८.५. आठव्या फेरीनंतर डी ला होया स्टुलावरून उठला नाही.