रायफलवरचं साठवणीचं ग्रीस आणि सोलापूरचं ऊन

लोखंडावर तपकिरी, चिकट, उजेडात धरलं तर नारिंगी झाक मारणारा थर दिसला की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो, 'गंजलं'. जुन्या लष्करी रायफली लाकडी खोक्यांतून बाहेर काढण्याचे परदेशी व्हिडिओ सध्या मोबाइलवर फिरतात. मेणकागद उलगडतो, आतून तपकिरी लगद्यात बुडालेली महायुद्धकाळातली रायफल निघते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत असाच व्हिडिओ चालला होता आणि सगळ्यांचा निकाल एकच होता: पार सडली. त्याच वर्कशॉपच्या कोपऱ्यात लेथचा नवाकोरा चक, म्हणजे कामाचा तुकडा घट्ट धरून फिरवणारा भाग, पडला होता, त्याच्यावरही तसाच थर. एक पोरगा पॉलिश पेपर घेऊन तो घासायच्या बेतात होता. मायक्रॉनमध्ये मोजून ग्राइंड केलेला पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासणं म्हणजे त्या चकाची अचूकता आपल्या हाताने घालवणं. तो थर गंज नाही. गंज येऊ नये म्हणून मुद्दाम चढवलेलं ते साठवणीचं ग्रीस आहे, आणि रायफल असो की चक, ते काढायचं शास्त्र एकच आहे.

त्या काळातल्या ब्रिटिश-भारतीय फौजेच्या रायफलीचा बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, .३०३ इंच. आपल्याकडे .३०३ हा प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य नागरिकाला तो मिळत नाही. एनसीसी केलेल्या अनेकांनी मात्र ही रायफल हाताळलेली असते, आणि तिची नळी साफ करायला ४ बाय २ इंचांची चिंदी पुल-थ्रूने, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीने, ओढलेलीही असते. कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेल्या कित्येक जुन्या रायफली पुढे अमेरिकेतल्या हौशी संग्राहकांकडे पोचल्या. सोव्हिएत संघाने महायुद्धानंतर मोसिन-नागां रायफली दुरुस्त करून, ग्रीसमध्ये माखून गोदामांत ठेवल्या. त्या कित्येक दशकांनी बाहेर निघाल्या तेव्हा खालचं पोलाद शाबूत होतं.

या प्रकारच्या ग्रीसचं सगळ्यात प्रसिद्ध नाव कॉस्मोलीन. १९व्या शतकात फिलाडेल्फियाच्या हौटन कंपनीने ते आणलं, आणि सुरुवातीला ते मलम म्हणून विकलं जाई. व्हॅसलीन त्याच घराण्यातलं. तेलविहिरींच्या पंपांच्या दांड्यांवर जमणारा मेणचट साका कामगार भाजल्या-कापल्यावर लावतात हे रॉबर्ट चेसब्रो यांनी पाहिलं, तो शुद्ध केला आणि १८७२मध्ये व्हॅसलीनचं पेटंट घेतलं.

ग्रीस म्हटल्यावर आपल्याला वंगण वाटतं, पण बेअरिंगमध्ये भरायचं ग्रीस वेगळं. त्यात तेल घट्ट करायला लिथियमसारख्या धातूचा साबण वापरतात. साठवणीच्या ग्रीसचं काम हलणारे भाग सरकते ठेवणं हे नाहीच. वर्षानुवर्षं एका जागी चिकटून राहायचं आणि पाणी-ऑक्सिजनला पोलादापर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. शाळेत खिळे आणि चाचणीनळ्यांचा प्रयोग सगळ्यांनी केलेला आहे. उकळून गार केलेल्या पाण्यावर तेलाचा थर दिलेल्या नळीतला खिळा गंजत नाही, कारण त्याला ऑक्सिजन मिळत नाही. पण गंजाला पाण्याचा थेंब दिसावाच लागतो असं नाही. व्हर्नन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिलं की प्रदूषित हवेत सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग एकदम वाढतो. डोळ्यांना न दिसणारी पाण्याची फिल्म तेवढ्यावर तयार होते. म्हणजे एप्रिलच्या कोरड्या दुपारी सोलापुरात उघडं राहिलेलं पोलाद सप्टेंबरच्या दमट रात्री तसंच राहील याची खात्री नाही.

आता या लेखाचा खरा विषय. हे ग्रीस खोलीच्या तापमानाला वाहत का नाही, आणि तापवल्यावर अचानक पाण्यासारखं का होतं?

पेट्रोलियममधले हायड्रोकार्बन म्हणजे कार्बनच्या साखळ्या. रॉकेलमध्ये साधारण १० ते १६ कार्बनच्या, म्हणून ते पातळ. २५-३०च्या पुढे गेलं की मेण. मेणबत्तीच्या पॅराफिनमधल्या साखळ्या बहुतांशी सरळ असतात. सरळ साखळ्या शेजारीशेजारी नीट रचल्या जातात, त्यांचे मोठे, चपटे स्फटिक होतात आणि मेण कडक, ठिसूळ बनतं. साठवणीच्या ग्रीसमधल्या मेणाच्या साखळ्यांना फांद्या असतात. फांद्या आडव्या येत असल्याने रचना नीट बसत नाही, स्फटिक अतिशय बारीक राहतात, पण त्यांची संख्या अफाट असते. हे बारीक स्फटिक एकमेकांना टेकून सगळीकडे पसरलेली जाळी तयार करतात आणि त्या जाळीच्या पोकळ्यांत तेल अडकून बसतं. घट्ट लागलेल्या दह्यात प्रथिनांची जाळी पाणी धरून ठेवते, ताट तिरकं केलं तरी दही ओघळत नाही, तसंच हे. बहुतेक भाग द्रव असूनही पदार्थ वागतो घनासारखा. वरून दाब दिला तर मात्र जाळी मोडते आणि तो पसरतो, म्हणून ते बोटाने लावता येतं.

ही जाळी उभी राहते ती साखळ्यांमधल्या अत्यंत क्षीण आकर्षणावर. प्रत्येक रेणूतले इलेक्ट्रॉन क्षणभर एका बाजूला झुकतात, शेजारच्या रेणूतले त्याला प्रतिसाद देतात, आणि दोघं किंचित ओढले जातात. एका कार्बनमागे हे आकर्षण नगण्य, पण साखळी लांब असेल तर त्याची बेरीज होते. उष्णता दिली की रेणूंची हालचाल वाढते आणि एका टप्प्यावर ती या बेरजेवर मात करते. पदार्थ मिश्र असल्यामुळे बर्फासारखा एक ठाम वितळणबिंदू नसतो. आखूड साखळ्या आधी सुटतात, लांब मागून. कॉस्मोलीनसाठी हा पट्टा साधारण ४५ ते ५२ अंश सेल्सिअस. तो ओलांडला की जाळी राहतच नाही, उरतं नुसतं तेल, आणि ते स्वतःच्या वजनाने खाली ओघळतं. दशकं गेलेल्या थरातून हलकी तेलं उडून गेलेली असतात, मेणाचं प्रमाण वाढलेलं असतं. म्हणून जुना थर चिवट होतो, त्याला थोडं जास्त तापमान आणि बराच जास्त वेळ लागतो.

५२ अंश! सोलापूरकराला हा आकडा परका वाटायला नको. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४२-४३ अंशांवर जाते. उरलेले दहा अंश ऊन देईल का, हे मोजता येतं. थोडा धीर धरून हे गणित माझ्याबरोबर करा.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य अगदी माथ्यावर असतो. अशा स्वच्छ दुपारी आडव्या पृष्ठभागावर चौरस मीटरला साधारण १,००० वॅट ऊर्जा पडते. काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली रायफलीची नळी त्यातली ९० टक्के शोषते असं धरा, म्हणजे ९०० वॅट. पण नळी ऊन घेते ते आपल्या व्यासाएवढ्या रुंदीवर, आणि उष्णता गमावते ती पूर्ण परिघावरून. परिघ व्यासाच्या ३.१४ पट. म्हणून पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे मिळकत ९०० भागिले ३.१४, म्हणजे सुमारे २८७ वॅट. खर्चाची बाजू: वारा असेल तर तापमानातल्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे चौरस मीटरवरून साधारण २० वॅट निघून जातात. २८७ भागिले २० म्हणजे १४. हवा ४३, नळी ५७. वारा अडवला, म्हणजे काच लावलेल्या पेटीत किंवा बंद गाडीत ठेवली, तर हा खर्च १२ वॅटवर येतो आणि फरक २४ अंशांचा होतो. नळी ६७. गच्चीच्या फरशीवरून परावर्तित होणारं ऊन यात धरलेलंच नाही. हेच गणित महाबळेश्वरच्या डिसेंबरातल्या २५ अंश हवेला लावलं तर वाऱ्यात नळी ३९वर अडकते आणि ग्रीस ढिम्म हलत नाही.

अमेरिकेतल्या अॅरिझोनासारख्या उष्ण प्रदेशातले संग्राहक नेमकं हेच करतात. धातूचे भाग सुटे करून, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून उन्हात ठेवतात. चकासाठीही हेच करा. खाली पत्र्याचा ट्रे, त्यात कागद, चक थोडा तिरका. दुपारभरात कागद तेलाने पारदर्शक होतो. मग चक गरम असतानाच सुताच्या वेस्टने, म्हणजे टाकाऊ सुताच्या गुंत्याने, पुसा. वेस्ट मागांच्या या गावात कुठल्याही दुकानात मिळतं, आणि लुसलुशीत असल्याने चकाच्या खाचांत नीट शिरतं.

उरलेली फिल्म द्रावकाने काढायची. रॉकेल किंवा रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन चालतं, कारण त्यांच्या आखूड साखळ्या मेणाच्या लांब साखळ्यांच्या मधे सहज शिरतात आणि त्यांना वेगळं करतात. पेट्रोल मुळीच नको. त्याची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते, हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. रॉकेल सुरक्षित समजलं जातं, पण त्याचा किमान प्रज्वलनांक, म्हणजे वाफ ठिणगीने पेट घेऊ लागते ते तापमान, ३५ अंश. मेमधल्या दुपारी सोलापुरात हवाच त्याच्या वर असते! म्हणून हे काम सकाळी, उघड्यावर, शेगडी आणि वेल्डिंगपासून दूर. साबण, सोडा, राख यांची इथे फारशी मदत होत नाही. तुपात एस्टर असतात, अल्कलीशी त्यांची क्रिया होऊन साबण बनतो आणि तुपाचं भांडं निघतं. खनिज ग्रीसमध्ये एस्टरच नाहीत, त्यामुळे अल्कलीला धरायला काही सापडत नाही. आणि 'नॅनो टेक्नॉलॉजी' लिहिलेले महागडे फवारे घेण्याआधी डब्यावरचे घटक वाचा. बहुतेक वेळा त्यात मुख्यतः पेट्रोलियम द्रावकच सापडेल.

उकळत्या पाण्याचा मार्गही चांगला, पण त्यात एक मेख आहे. ग्रीसची घनता पाण्यापेक्षा कमी, म्हणून ते सुटून वर तरंगतं, आणि वस्तू बाहेर काढताना ती त्याच तवंगातून येते. सगळं पुन्हा चिकटतं. आधी तवंग झाऱ्याने काढून टाका, मगच वस्तू उचला. ती आतपर्यंत तापलेली असली पाहिजे, म्हणजे अंगावरचं पाणी गंज धरायच्या आत उडून जातं.

जुन्या रायफलीच्या बाबतीत पाण्याला आणखी एक काम असे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. गोळी झाडल्यावर त्याचं पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत बसतं. हे मिठासारखं क्षार आहे, हवेतलं पाणी ओढतं, आणि तेलात विरघळत नाही. तेलाची चिंदी कितीही फिरवली तरी ते जागेवरच राहतं. ब्रिटिश फौजेत नळीत उकळतं पाणी ओतायची पद्धत होती ती यासाठी.

ग्रीस अर्धवट काढणं ही तर धोक्याची गोष्ट. सोव्हिएत एसकेएस रायफलीत नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बोल्टमधली फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या टोपीवर आदळणारी सुई, बहुतेक मॉडेलांत स्प्रिंगशिवाय मोकळी सरकते. तिच्या बिळात घट्ट झालेलं ग्रीस राहिलं तर ती पुढे आलेल्या स्थितीत अडकते आणि बोल्ट बंद होताच, घोडा न दाबता, गोळी सुटते. नळीत ग्रीसचा बोळा राहिला तर दाब धोकादायक वाढतो. म्हणून बोल्ट पूर्ण खोलून धुवावा लागतो, वरवर पुसून भागत नाही.

लाकडी दस्त्याला इतकं ऊन चालत नाही. ग्रीस लाकडाच्या छिद्रांत मुरलेलं असतं आणि उबेने बाहेर येतं खरं, पण कोरड्या झळीत लाकूड आकसून तडकतं. त्याला सकाळचं कोवळं ऊन द्यायचं, बाहेर येईल तेवढं पुसत राहायचं. नंतर त्यावर जवसाचं तेल चोळण्याची जुनी रीत आहे. इथे सावध राहा. जवसाचं तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही. ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून कडक होतं, आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात पडला तर आतली उष्णता बाहेर निघत नाही, क्रिया आणखी वेग घेते आणि काही तासांत ढीग आपोआप पेटू शकतो. आपल्या भागात कपडे 'आपोआप' पेटले की भानामतीचं नाव घेऊन देवऋषी गाठणारी कुटुंबं आजही आहेत. बहुतेक प्रकरणांत शोध घेतल्यावर हात माणसाचाच निघतो. आणि जिथे खरंच काडी न लावता चिंध्या पेटतात, तिथेही कारण रसायनशास्त्राच्या पुस्तकात छापलेलं असतं. जवसाच्या चिंध्या एकेक पसरून वाळवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

ग्रीस निघालं की पोलाद उघडं पडतं, हे विसरून चालणार नाही. घामातल्या क्षारांमुळे बोटांच्या ठशांच्या आकाराचे डाग दमट दिवसांत एका रात्रीतही उठतात. म्हणून धुतल्याबरोबर मशीन ऑइलचा पातळ हात फिरवा आणि पुढे चक हातमोजे घालून हाताळा. ट्रेमध्ये जमलेलं ग्रीस गटारात ओतू नका, सोलापूरच्या नाल्यांना तेवढा एक त्रास कमी. रॉकेल न मिसळलेलं, उन्हाने गाळलेलं ग्रीस जुन्या फडक्यातून गाळून डब्यात भरून ठेवा. पेरण्या आटोपल्या की नांगराचा फाळ, कुदळ, पहारीचं टोक यांना ते बोटाने चोपडा. पुढच्या हंगामापर्यंत ती लोखंडं चकचकीत राहतील.