जंतू नसलेली पटकी

खानदेशात गावोगावी वेशीजवळ मरीमातेचं ठाणं दिसतं. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली की सारं गाव तिच्या पायाशी जायचं. पाण्यासारखे जुलाब, खोल गेलेले डोळे, हातापायांत गोळे. स्वादुपिंडाच्या एका दुर्मीळ गाठीला डॉक्टरांनी ‘स्वादुपिंडाची पटकी’ म्हटलं, ते याच चित्रावरून. फक्त ही पटकी साथीने येत नाही, आणि महिनोन्‌महिने हटत नाही.

स्वादुपिंडातली पेशींची बेटं पाउल लँगरहान्स यांनी १८६९ मध्येच नोंदवली होती. त्यांच्यातली गाठ आतड्याला छळू शकते, हे ध्यानात यायला ८० वर्षांहून अधिक काळ गेला. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या झॉलिंजर आणि एलिसन या सर्जननी दोन रुग्णांची हकिकत मांडली : जठरात आम्लाचा पूर, पुन्हा पुन्हा अल्सर आणि स्वादुपिंडात गाठ. ती गाठ गॅस्ट्रिन, म्हणजे जठराला आम्ल सोडायला लावणारं संप्रेरक, सोडते, हे पुढे कळलं. एवढं आम्ल आतड्यात उतरलं की पाचकरस निकामी होतात आणि जुलाब लागतात.

१९५८ मध्ये व्हर्नर आणि मॉरिसन यांनी मांडलेले रुग्ण मात्र वेगळे होते. गाठ स्वादुपिंडातच, पण नुसतं पाणी जात होतं आणि रक्तातलं पोटॅशियम तळाला गेलं होतं. (केळीच्या मुलखात हे वाचून कुणी म्हणेल, मग रोज डझनभर केळी खावीत. पण दिवसाला तीन-तीन लिटर वाहून जाणाऱ्या पाण्याबरोबर जातं तेवढं पोटॅशियम केळ्यांनी भरून निघत नाही.)

या गोष्टीतला मला सर्वांत भावणारा धागा कोलकात्याचा आहे. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, शंभूनाथ डे यांनी दाखवलं की पटकीचे जंतू गाळून काढलेलं द्रवही सशाच्या आतड्यात पाणी साठवतं. म्हणजे काम जंतूच्या विषाचं. १९७० मध्ये सैद आणि मुट यांनी डुकराच्या आतड्यातून व्हीआयपी नावाचं संप्रेरक वेगळं केलं. १९७३ मध्ये लंडनच्या स्टीफन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी ते या जुलाबाच्या रुग्णांत वाढलेलं असल्याचं दाखवलं. पटकीचं विष आणि व्हीआयपी, दोन्ही आतड्याच्या पेशींत सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीला पाणी सोडायचा इशारा देणारा रेणू, वाढवतात. नळ एकच, सोडणारे हात दोन.

गाठ शस्त्रक्रियेने काढता आली तर उत्तमच. नाहीतर औषधाचा आधार. संप्रेरकांना आवर घालणारं सोमॅटोस्टॅटिन १९७३ मध्ये सापडलं होतं, पण ते शरीरात काही मिनिटंच टिकतं. त्याचंच टिकाऊ रूप, ऑक्ट्रिओटाइड, १९८८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

व्हीआयपी सोडणारी ही गाठ वर्षाला साधारण कोटी माणसांत एकाला होते. म्हणून जुलाब लागले की आधी शेवभाजीच्या तर्रीला, विहिरीच्या पाण्याला दोष द्यायचा, आणि बहुतेक वेळा तो खराच असतो. पण चार आठवड्यांनंतरही पाणीच जात असेल आणि एकादशीचा उपास धरूनही धार थांबत नसेल, तर दोष ताटातल्या कशाचा नसतो.