विषबाधा वेगळी, जनुकांची इजा वेगळी

मोर्शीकडे आमचा संत्र्याचा बगीचा आहे. फवारणीच्या दिवशी चुलतभावानं पंप पाठीवर चढवायच्या आधी मोबाईल माझ्यापुढे धरला. "दादा, हे वाच. संत्र्याच्या सालीचं तेल केमिकलपासून जीन्स वाचवते म्हणते. हाताले लावून फवारलं तं चालन काय?"

मेसेज सगळाच खोटा नव्हता, म्हणून तर पंचाईत. त्यात दोन गोष्टी एकमेकींत कालवल्या होत्या.

पहिली गोष्ट विषबाधा. ही आपल्या भागात कुणाला शिकवायची गरज नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली, ते सगळ्यांना आठवतं. मोनोक्रोटोफॉससारखं ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक अंगात गेलं की नसांचा निरोप वेळेवर थांबवणारं एन्झाइम बंद पडतं. निरोप थांबतच नाही. मग लाळ, घाम, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या, फडफडणारे स्नायू, आणि शेवटी श्वास. हे सगळं काही तासांत होतं. यावर अॅट्रोपिन नावाचं औषध आहे, आणि ते दवाखान्यातच मिळतं.

दुसरी गोष्ट जनुकांची इजा. तिला ना घाम ना उलटी. रसायन पेशीतल्या डीएनएला चिकटतं, त्याचा धागा तोडतं किंवा दोन धागे एकमेकांना जखडून टाकतं. बरीचशी इजा पेशी स्वतःच दुरुस्त करते, थोडी चुकीची जोडली जाते. माणूस त्या रात्री नेहमीसारखा जेवून झोपतो. कीटकनाशकं वर्षानुवर्षं हाताळणाऱ्यांच्या पेशींत अशी इजा जास्त आढळल्याचे अभ्यास बऱ्याच देशांत झालेत, पण ती दिसते सूक्ष्मदर्शकाखाली.

कशी दिसते ते सांगतो, कारण सालीचे प्रयोग याच खुणेवर उभे आहेत. उंदराला सायक्लोफॉस्फामाइड देतात. हे कॅन्सरवरचंच औषध, पण डीएनएला जखडणारं. नंतर हाडातला मगज काढून काचेवर पसरतात. तांबडी पेशी तयार होताना आपलं केंद्रक बाहेर टाकून देते. गुणसूत्राचा तुकडा मोडलेला असेल तर तो मात्र आतच राहतो, सामान भरून गाडी निघून गेली आणि ओसरीवर एक वाटी राहिली तसा. रंग दिला की पेशीत बारीक गोल ठिपका दिसतो. याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. हजारो पेशी तपासून असे ठिपके मोजायचे, एवढाच हिशेब. आधी लिंबूवर्गीय सालीचा अर्क दिलेल्या उंदरांत हे ठिपके कमी निघाल्याचे प्रयोग झालेत. 'आधी' हा शब्द मेसेजमध्ये नव्हता, उंदीरही नव्हता.

तेलाची गोष्ट त्याहून थोडी निराळी. लहानपणी आपण साल वाकवून एकमेकांच्या डोळ्यांत उडवायचो, दिव्यापुढे चिमटली की ठिणग्या तडतडायच्या. तेच हे तेल, आणि त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास लिमोनीन नावाचं रसायन. ते दिल्यावर उंदीर-घुशींच्या यकृतात विषारी रसायनं निकामी करणारी काही एन्झाइम्स वाढतात, म्हणून त्याच्याकडे आशेनं बघतात. सालीच्या अर्कात येणारं हेस्पेरिडिन नावाचं द्रव्य मात्र वाफेनं काढलेल्या तेलात येत नाही. म्हणजे अर्काचा गुण सरसकट तेलाच्या नावावर मांडता येत नाही, आणि दुकानातली बाटली तर आणखीच लांबची.

आता हाताला लावायचं. इथं मी त्याला स्पष्ट नाही म्हणालो. त्वचेवाटे औषध आत पोचवण्याच्या संशोधनात लिमोनीन मुद्दाम वापरतात, कारण ते कातडीचा स्निग्ध थर सैल करतं. तेच हातावर चोळून वर कीटकनाशक सांडलं, तर आपणच दार उघडून दिल्यासारखं होईल. शिवाय हवेत जुनं झालेलं लिमोनीन कातडीला खाजही सुटवतं. पिणं तर नकोच.

"मंग डब्यावरच्या तिकोनाचं काय? हिरवा असला तं बिनघोर ना?" हा प्रश्न मला मेसेजपेक्षा जास्त आवडला. तो त्रिकोण फक्त पहिल्या गोष्टीचा आहे. किती मात्रेत निम्मे प्राणी दगावतात, त्यावरून लाल, पिवळा, निळा, हिरवा ठरतो. तोंडावाटे किलोमागे 50 मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, 5000 च्या वर असेल तर हिरवा. जनुकांना इजा होते का, हे त्या रंगात लिहिलेलंच नसतं. त्याच्या चाचण्या वेगळ्या होतात आणि त्यांचा निकाल डब्यावर रंगवून येत नाही.

त्यानं तेल बाजूला ठेवलं. हातमोजे घातले, तोंडाला फडक्याऐवजी मास्क बांधला, वाऱ्याकडे पाठ केली. चक्कर किंवा मळमळ वाटली तर काम तिथंच थांबवायचं, कपडे उतरवून साबणपाण्यानं अंग धुवायचं आणि दवाखाना गाठायचा, हे त्याला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच की जाताना रिकामा डबाही सोबत न्यायचा. आत काय होतं ते डॉक्टरांना लेबलावरून कळतं.