सर दिसतात, पण असतात का?

ऑनलाइन कोर्स काढणाऱ्यांचा चेहऱ्यावर फार भरवसा. कोपऱ्यातल्या चौकटीत सर दिसले की झालं! चेहरा मुलांना आवडतो, हे खरंच. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांच्या २०१४ मधल्या अभ्यासात नुसत्या स्लाइडपेक्षा अधूनमधून शिक्षक दिसणारे व्हिडिओ जास्त पाहिले गेले. गंमत म्हणजे, महागड्या स्टुडिओपेक्षा आपल्या टेबलाशी बसून साधेपणानं बोलणारा शिक्षक मुलांना धरून ठेवत होता. पण व्हिडिओ पाहणं वेगळं आणि शिकवणारा आपल्यासोबत आहे असं वाटणं वेगळं.

या वाटण्याचा विचार कॅनडातल्या गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या शिक्षण-संशोधकांनी २००० साली मांडला. अध्यापकाची उपस्थिती त्यांनी कॅमेऱ्यात शोधलीच नाही. कोर्सची आखणी, चर्चेला वळण देणं आणि नेमकं शिकवणं, या कामांतून ती जाणवते असं त्यांचं म्हणणं. म्हणजे असाइनमेंट कुठे टाकायची, हे मुलांना एकमेकांना विचारत बसावं लागत नसेल, तर तिथेही सर हजर आहेत.

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी त्याआधीच सांगितलं होतं की दूरशिक्षणातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. संवाद आटला की ते वाढतं. त्या हिशेबानं गडचिरोलीहून लॉगिन करणारी मुलगी आणि नागपुरात कॉलेजच्या मागच्याच गल्लीत राहणारा मुलगा सरांपासून सारखेच लांब असू शकतात.

आता नागपूरच्याच नंदनवन भागातल्या एखाद्या खोलीवर, कूलरच्या घरघरीत मोबाईल उघडून बसलेली मुलगी घ्या. गणिताच्या उत्तराखाली 'छान' आलं, तर ती ते बघून पुढे सरकते. 'तिसऱ्या पायरीत वजा चिन्ह सुटलं, तिथून परत कर' असं आलं, तर वही ओढते. दुसऱ्या शेऱ्यात कौतुक नाही, पण कोणीतरी तिसऱ्या पायरीपर्यंत वाचलंय, हे तिला कळतं. माझ्या मते सगळा मामला इथेच आहे.

दोनशे मुलांना एकेक असं कोण लिहिणार, हा प्राध्यापकांचा सवाल रास्तच. त्यावर एक सोपा तोडगा आहे. आठवड्यातल्या तीन-चार नेहमीच्या चुका घेऊन ग्रुपवर एकच व्हॉइस मेसेज टाकायचा. आपली चूक त्यात ऐकली की मागच्या बाकावरचाही म्हणतो, "सरनं पाहिलं नं बाप्पा माझं!"