सात स्टारचं घर: ऑस्ट्रेलियाला ऐंशी वर्षं का लागली

पुण्या-मुंबईहून मेलबर्नला राहायला गेलेल्या कुटुंबाला पहिल्या जून-जुलैतच कळतं, की तिथली बरीचशी घरं थंडी अडवत नाहीत. बाहेर आठ-दहा अंश, बर्फाचा पत्ता नाही, तरी घरात पायमोजे काढवत नाहीत. हीटर बंद केला की थोड्याच वेळात खोली पुन्हा गार. जानेवारीत याच्या उलट: रात्री दहा वाजताही भिंतींची धग जाणवते. एवढ्या श्रीमंत देशात, एवढं कर्ज काढून घेतलेलं घर असं का, हा प्रश्न अगदी रास्त आहे. २०२२ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेने नव्या घरांना सात स्टारची (घर किती कमी ऊर्जेत उबदार-गार राहतं याच्या दहापैकी मानांकनाची) अट घातली आणि २०२३-२४ पासून बहुतेक राज्यांनी ती लागू केली. पण त्यासाठी लागणारं बरंचसं ज्ञान सरकारच्याच दप्तरात १९४० च्या दशकापासून होतं. ते भिंतीपर्यंत पोहोचायला एवढा काळ का गेला, ते पाहण्यासारखं आहे.

मुळात प्रश्न दिशेचा. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. मेलबर्नमध्ये डिसेंबरच्या अखेरीस तो माध्यान्हीला क्षितिजापासून सुमारे ७५ अंश वर असतो, जूनच्या अखेरीस जेमतेम २९ अंशांवर. त्यामुळे उत्तरेच्या मोठ्या खिडकीवर दीड-दोन हातांचा छज्जा काढला, की उन्हाळ्याचं ऊन बाहेरच थांबतं आणि हिवाळ्याचं आत फरशीपर्यंत येतं. एक पैसा खर्च न होता. पश्चिमेच्या खिडकीला ही सोय नाही. तिथे सूर्य इतका खाली येतो की छज्जा काहीच झाकत नाही. तिकडे घर घेणाऱ्या मराठी मंडळींना म्हणून सांगावंसं वाटतं: पूर्वेचं दार जरूर पाहा, पण त्याआधी रोजची बसायची खोली उत्तरेला उघडते का, ते पाहा.

ब्रिटिश वसाहतवाल्यांनी आपल्या घराचा नकाशा सोबत आणला. घराचं तोंड रस्त्याकडे, मग ऊन कुठूनही येवो. त्यांच्या आधी त्या भूमीवर हवामान ओळखून राहणारे लोक होतेच. व्हिक्टोरियातल्या बज बिम भागात गुंडिजमारा लोकांनी ज्वालामुखीच्या दगडांचे निवारे आणि ईल मासे पाळण्यासाठी दगडी कालवे बांधले होते. २०१९ मध्ये युनेस्कोने त्या परिसराला जागतिक वारसा मानलं. वसाहतीने त्यातून काही घेतलं नाही. उत्तरेकडच्या दमट उकाड्याने मात्र क्वीन्सलँडमध्ये नव्या लोकांनाही शिकवलं. तिथली जुनी लाकडी घरं खांबांवर उचललेली असतात, खालून वारा खेळतो, भोवती रुंद व्हरांडा, वर पन्हळी पत्रा. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर पत्र्याची टोपी बसवलेली असते, म्हणजे वाळवीला आडोशाने वर चढता येत नाही. दक्षिणेतल्या थंड शहरांना असं स्वतःचं घर सापडलं नाही.

ते शोधण्याचा गंभीर प्रयत्न दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी झाला. १९४४ मध्ये केंद्र सरकारने सिडनीत प्रायोगिक बांधकाम केंद्र काढलं. तिथे भिंती, छपरं, ऊन-सावली यांचा पद्धतशीर अभ्यास झाला आणि मातीच्या भिंतींवरची त्यांची पुस्तिका पुढे अनेक वर्षं स्वतःचं घर बांधणाऱ्यांच्या हातात राहिली. १९४७ मध्ये मेलबर्नमध्ये वास्तुविशारद रॉबिन बॉइड यांच्या देखरेखीखाली ‘द एज’ या वृत्तपत्राच्या साथीने लहान घरांचे नकाशे सामान्य माणसाला स्वस्तात मिळू लागले. सामानाची टंचाई होती, घर लहानच बांधावं लागणार होतं, आणि म्हणूनच विचार करून बांधायची गरज होती. त्याच सुमारास शहराबाहेर एल्थमला अॅलिस्टेअर नॉक्स कच्च्या विटांची घरं बांधायला लागले.

मला हा काळ फार मोलाचा वाटतो, आणि तो पुढे वाया गेला याचं वाईटही वाटतं. टंचाई संपली, मोटारी आल्या, उपनगरं पसरली. व्हिक्टोरियात लिग्नाइट कोळशाची वीज स्वस्त होती, १९६९ पासून बास सामुद्रधुनीचा नैसर्गिक वायूही मेलबर्नला येऊ लागला. घरातली ऊब गळते तर हीटर मोठा लावा, एवढं ते सोपं झालं. या काळात जी भिंत घरोघरी पोहोचली ती बघा. बाहेर विटेचा एकच थर, मग चार-पाच सेंटिमीटरची पोकळी, मग लाकडी चौकट आणि आत जिप्समचा पातळ बोर्ड. रस्त्यावरून पाहिलं तर पक्कं विटेचं घर. पण उष्णता धरून ठेवणारी वीट चौकटीच्या बाहेर, दिवसभर उन्हात. आतल्या खोलीला तिचा आधार जवळजवळ शून्य. चौकटीत इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारं अस्तर, घालायची सक्ती व्हिक्टोरियात १९९१ साली आली. तोवर लाखो घरं उभी राहून गेली होती.

त्यानंतर १९९३ मध्ये राष्ट्रीय स्टार मानांकनाचं काम सुरू झालं. गणिताचा गाभा सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने तयार केला. घराचा नकाशा, दिशा, काचा, भिंती आणि त्या गावचं हवामान घालायचं, की वर्षाला दर चौरस मीटरमागे उष्णता-गारव्यासाठी किती ऊर्जा लागेल ते निघतं आणि शून्य ते दहापैकी स्टार मिळतात. २००३ मध्ये घरांसाठी ऊर्जेचे नियम राष्ट्रीय संहितेत आले, २००६ मध्ये पाच स्टार, २०१० मध्ये सहा. न्यू साउथ वेल्सने २००४ मध्ये ‘बेसिक्स’ ही स्वतःची पद्धत आणली. तिच्यात पाण्याचाही हिशेब असतो. व्हिक्टोरियातल्या, हे नियम येण्याआधीच्या घरांची सरासरी दोन स्टारलाही पोहोचत नाही.

२००९ चा उन्हाळा या इतिहासात वेगळा काढावा लागतो. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातल्या उष्णतेच्या लाटेत व्हिक्टोरियात नेहमीपेक्षा ३७४ जास्त मृत्यू झाले. ७ फेब्रुवारीला मेलबर्नचा पारा ४६.४ अंशांवर गेला आणि वणव्यांत १७३ माणसं गेली. वणव्यानंतर जंगलालगतच्या घरांचे बांधकामाचे निकष कडक झाले, ते योग्यच. पण उष्णतेने घेतलेले बळी वणव्याच्या दुपटीहून अधिक होते, आणि ते घराच्या चार भिंतींकडे बोट दाखवत होते, हे मात्र लोकांच्या मनात तेवढं ठसलं नाही.

त्याच महिन्यात केंद्र सरकारने जागतिक मंदीवर उतारा म्हणून छपराखालच्या माळ्यावर मोफत इन्सुलेशन घालायची योजना जाहीर केली. कल्पना उत्तम होती, दहा लाखांहून अधिक घरांना लाभही झाला. घाई मात्र जीवघेणी ठरली. कामावर धड प्रशिक्षण नसलेली तरुण मुलं गेली. काही घरांत माळ्यावर अॅल्युमिनियमचं फॉइल अंथरून धातूच्या पिनांनी ठोकलं जाई. पीन खालच्या वायरीत घुसली, की सगळं फॉइल विजेने भारलेलं. चार कामगार गेले: तिघे विजेच्या धक्क्याने, चौथा माळ्यावरच्या उष्म्याने. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद झाली, पुढे चौकशीसाठी शाही आयोगही बसला. या मुलांच्या मृत्यूचं दुःख विसरण्यासारखं नाही. पण त्यानंतर जुनी घरं सुधारण्याचा विषयच राजकारण्यांना नकोसा झाला, हे दुसरं नुकसान.

आणखी एक उणीव स्टारमध्येच होती. मानांकन नकाशाचं होतं, उभ्या घराचं नाही. दारात पंखा बसवून घरातली हवा ओढायची आणि किती हवा फटींतून आत शिरते ते मोजायचं, अशी एक साधी चाचणी आहे. २०१५ च्या सीएसआयआरओच्या पाहणीत या चाचणीच्या दाबाखाली घरातली हवा तासाला सरासरी पंधराच्या आसपास वेळा बदलत होती. अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांसाठी जर्मनीत जन्मलेल्या पॅसिव्ह हाउस मानकात हीच मर्यादा ०.६ आहे. मग फटी बुजवायला सुरुवात झाली, तर थंड भागात भिंतींच्या आत ओल आणि बुरशी धरू लागली, कारण वाफेला बाहेर पडायला वाट उरली नव्हती. २०१९ च्या संहितेत त्यासाठी भिंतीच्या आत बसवायच्या, वाफ जाऊ देणाऱ्या पडद्याचे नियम आले. हवाबंद घराला नियंत्रित वायुवीजन हवंच, हे कळायला तिथे बुरशी यावी लागली.

सात स्टारच्या जोडीला आता छपरावरच्या सौर पॅनेलची साथ आहे. तिथल्या साधारण दर तीन घरांपैकी एकावर ती दिसतात. व्हिक्टोरियात १ जानेवारी २०२४ पासून नियोजन परवाना लागणाऱ्या नव्या घरांना गॅसजोडणी मिळत नाही. मात्र २०२५ मध्ये घरटंचाईचं कारण देऊन केंद्र सरकारने संहितेतले घरांसाठीचे पुढचे बदल, सुरक्षेचे अपवाद वगळता, २०२९ च्या मध्यापर्यंत थांबवले. तोवर १२ लाख घरांचं लक्ष्य आहे. ती सगळी आजच्याच नियमाने उभी राहतील आणि हवेच्या गळतीची चाचणी बिल्डरच्या मर्जीवर राहील. जुनी घरं विकताना मानांकन उघड करण्याची सक्ती कॅनबेराच्या प्रदेशात १९९९ पासून आहे. सिडनी-मेलबर्नच्या खरेदीदाराला आजही ते स्वतःहून विचारावं लागतं.